खरवडलेला ठिपका

कराडच्या एसटी स्टँडवर माझी ट्रंक टपावर चढवून दादा खाली उतरला, तेव्हा आई माझ्या खिडकीशी उभी होती. तिने शिदोरीचं फडकं आत दिलं. दशम्या, दाण्याची चटणी आणि मेतकुटाची पुडी. मी तेवीस वर्षांचा होतो, दिल्लीत नोकरी लागली होती, आणि ती बातमी स्टँडवरच्या निम्म्या लोकांना आईने सांगून झाली होती. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली आणि म्हणाली, "पत्रात बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. काय खाल्लंस ते लिही. त्यावरून मला सगळं कळतं."

आणि तिला खरंच कळायचं. करोलबागेतल्या खोलीवरून मी लिहायचो, 'अरहरची डाळ, तंदूरची रोटी, कच्चा मुळा.' उत्तर यायचं, 'खानावळ बदल.' सलग दोन पत्रांत खिचडी आली की, 'ताप आला होता का?' लग्न झालं, मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट झाला, पत्रांच्या जागी फोन आला, तरी पहिला प्रश्न तोच. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत एकाच पदार्थाबद्दल मी आईशी खरं बोललो नाही. कराडला राहिलेल्या आणि कराडहून बाहेर पडलेल्या आपल्या सगळ्यांसाठी ते आज लिहून ठेवतो. दादाची परवानगी घेतली आहे.

नोएडाच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात होतो, त्याचे भागीदार जपानी होते. चाळिशीत मला सहा महिने ट्रेनिंगला तिकडे पाठवलं. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, म्हणून जाताना मी एकच जपानी वाक्य पाठ करून गेलो होतो: मांस नको, मासा नको. कँटीनच्या बाई मान डोलवायच्या आणि भात, लोणचं, वाटीभर सूप पुढे करायच्या. मिसोचं सूप. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला, चिखलाच्या रंगाचा खारट लगदा, तो गरम पाण्यात विरघळवतात. त्या थंडीत ते पोटात गेलं की जिवात जीव यायचा. आईला लिहिलं, 'इथे कटासारखं काहीतरी मिळतं.' कट म्हणजे पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवल्यावर निथळून काढतात ते पाणी. हे माझ्या दिल्लीकर नातीसाठी सांगतो. तिला मिसो समजतो, कट समजत नाही.

चार महिने झाल्यावर माझ्या विभागातल्या मोरिता-सान नावाच्या इंजिनियरने मला त्या सुपाची कृती सांगितली. मासा धुरावर सुकवून लाकडासारखा कडक करायचा, रंध्याने तासावा तसा तासायचा, त्या भुशाचा काढा गाळून घ्यायचा आणि त्यात मिसो घालायचा. वाटीत मासा दिसत नाही, म्हणून कँटीनच्या बाईंच्या मते मी मासा खातच नव्हतो. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सूप प्यालो. आईला लिहायच्या पत्रात 'कटासारखं' हा शब्द होता तसाच राहिला.

पुढे काही वर्षांनी मोरिता-सान नोएडाच्या कारखान्यात आला. आला तो सुटकेसभर पुड्या आणि डबे घेऊन, कारण तेव्हा दिल्लीत यातलं फारसं काही मिळत नसे. त्याची तक्रार एकच होती: बासमतीचा गोळा होत नाही. दादा मला दरवर्षी कराडहून इंद्रायणीचं पोतं पाठवतो, त्यातला शेरभर तांदूळ मी त्याला दिला. त्याने भात शिजवला, तळहाताला मीठ लावून त्रिकोणी गोळा वळला, आणि तो सुटत नाही हे पाहून म्हणाला, "वसंत-सान, यह जापान का है."

"नहीं, कराड का."

"कराड कौन से प्रिफेक्चर में?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला, जपानमधला एखादा जिल्हा विचारावा तसा. मग मी त्याला तांदूळ द्यायचो आणि तो मला मिसो आणि माशाचा भुसा.

आईच्या पोटाचं ऑपरेशन त्याच सुमारास दिल्लीत झालं. माझ्या कंपनीकडून उपचाराची सोय होती, म्हणून मीच तिला हट्टाने आणलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण तिची चव गेली. पेज, वरणाचं पाणी, ताक, सगळं ती जिभेला लावून परत करायची. "तोंडात माती घातल्यासारखं वाटतं रे." माझी बायको सुधा तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. घरात मी आणि आई. डॉक्टर म्हणाले, अन्न गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल. एकोणीस दिवस तिने काहीही मागून घेतलं नव्हतं.

विसाव्या दिवशी दुपारी मी स्वतःसाठी सूप करत होतो. आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "वसंता, काय उकळतोयस? चुलीवरच्या दुधासारखा धुरकट वास येतोय."

"जपानी सूप आहे, आई. सोयाबीनचं."

"सोयाबीन म्हणजे आपल्यातलंच. दे घोटभर."

पळी हातात धरून मी ओट्यापाशी उभा होतो. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. मी वाटी भरली. ती उठून बसली, वाटी दोन्ही हातांत धरून सगळी प्यायली आणि रिकामी वाटी माझ्यासमोर धरली. "अजून आहे?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोरिता-सानला हे सांगितलं, तर तो हादरला. "अम्माजी को बताया?" मी नकारार्थी मान हलवली. संध्याकाळी तो स्वतः घरी आला, बुटांच्या दोऱ्या सोडता सोडता त्याने मला एक पाकीट दिलं. आत काळ्या, कडक, चामड्यासारख्या पट्ट्या. "मछली नहीं. समुद्र की घास. यही डालो." ते कोम्बू. पाण्यात भिजवायचं, पाणी उकळायच्या आत बाहेर काढायचं, मग मिसो. मी तसं केलं. आईने दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. "आज काहीतरी कमी आहे रे." पुढच्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर वाटीला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी मी माशाचा भुसा घातला, आणि वाटी रिकामी झाली.

पहिल्या दिवसाला मी गडबड म्हणू शकतो. चौथ्या दिवसाला नाही. माझ्याजवळ दुसरा मार्ग होता, तो करून पाहिला होता, आणि तिला न विचारता मी पहिला निवडला.

सुधा परत आली तेव्हा आई खिचडीही खायला लागली होती. सुधाने फडताळातला डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं. "आईंना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तुम्ही सांगा. मी आपणहून सांगणार नाही, आणि त्यांनी विचारलं तर लपवणारही नाही."

आईने तिला कधी विचारलं नाही. चार महिने ती आमच्याकडे होती. बाल्कनीतल्या उन्हात बसून मटार सोलायची, खालच्या भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करायची, आणि दुपारी चार वाजले की, "माझा जपानी कट टाक." मग कराडला परत गेली. त्यानंतर दोन वर्षं होती. भेटेल त्याला सांगायची, "वसंताने मला जपानी कटावर उठवलं." शेवटी म्हातारपणानेच गेली, झोपेत.

त्या वर्षी पितृपंधरवड्याआधी दादाचा फोन आला. "आईच्या पानावर तिच्या आवडीचं हवं. ते तुझं जपानी पाठव." तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मोरिता-सान जपानला परत जाताना तयार पुड्यांचं खोकं मला देऊन गेला होता. मिसो आणि मासा एकत्र, पाणी ओतलं की एक वाटी सूप. पुडीवर सगळं जपानीत लिहिलेलं. मी ती पाठवली. श्राद्धाच्या पानावर मासा. पण शाकाहारी पाठवावं तर ते आईने बाजूला सारलेलं. तिच्या नावाने तिला न आवडलेलं ठेवायचं, की न चालणारं? मी या दोन्हींत अडकलो आणि त्यातल्या त्यात गप्प बसायला सोपं होतं ते केलं.

श्राद्ध झाल्यावर दादा फोनवर नुसता फुलून आला होता. "वसंता, पान ठेवलं आणि कावळा लगेच शिवला बघ! बाबांच्या वेळी तासभर वाट पाहायला लावतो. आईला पोचलं रे." मी हो हो म्हणालो. मनात म्हटलं, शिवेल नाही तर काय, मासा आहे.

मग दर भाद्रपदात एक पुडी, वीस वर्षं. मोरिता-सानचं खोकं संपल्यावर आयएनए मार्केटमध्ये शोधायला लागलो. पुढे गुडगावला जपानी लोकांची वस्ती वाढली आणि तिथल्या एका इमारतीच्या तळघरात त्यांचं किराणा दुकान निघालं. मयूर विहारहून मेट्रोच्या पिंक लाइनने आयएनए, तिथून यलो लाइन, पुढे रिक्षा. निवृत्तीनंतर हीच माझी सहल झाली. मिसोचे पाच-सहा प्रकार, वाळवलेले मश्रूम, तिळाचं तेल, मुळ्याचं पिवळं लोणचं. मी घरी इंद्रायणीचे गोळे करतो, वांगं मिसो लावून भाजतो. नातीच्या मैत्रिणींना 'जापानी वाले दादाजी' ठाऊक आहेत.

फक्त एक अडचण झाली. बाहेरून आलेल्या पुड्यांवर आता इथलं लेबल चिकटवतात, आणि त्यावर शाकाहाराची हिरवी किंवा मांसाहाराची तपकिरी खूण असते. तपकिरीचा आधी ठिपका होता, आता त्रिकोण. आमच्या घरात अजून ठिपकाच म्हणतात. तपकिरी ठिपका कराडला कोणीही वाचला असता. म्हणून मी पुडी गरम पाण्याच्या वाफेवर धरायचो, अंगठ्याच्या नखाने लेबल खरवडायचो, उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाने पुसायचो. सुधा पेपरमधून डोकं वर न काढता विचारायची, "झाली का पुडीची हजामत?"

या वर्षी फाल्गुनात दादाला न्यूमोनिया झाला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. बरा होऊन घरी आला, पण खाईना. एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं दुसरंच कोणी आहे. "वसंता, तोंडाला चव नाही रे. तोंडात माती घातल्यासारखं. आईचं ते जपानी मला पाठव."

त्याच शब्दांत म्हणाला. मी तसाच निघालो.

दुकानातली काउंटरवरची मुलगी मणिपूरची आहे, मला ओळखते. "अंकल, आप तो सितंबर में आते हैं. इस बार जल्दी?"

"भाई बीमार है."

"तो यह लीजिए ना, हरा वाला. हल्का रहेगा." तिने शाकाहारी मिसो पुढे केला. मी नेहमीच्या पुडीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "यह तो फिश वाला है. भाईसाहब नॉनवेज खाते हैं?"

"हाँ," मी म्हणालो.

तिला खोटं सांगायचं काहीच कारण नव्हतं. तिला ना आई ठाऊक, ना कराड. मेट्रोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मला ठरवावं लागतच नाही, तोंड आपोआप बोलतं. आयएनएला गाडी बदलायची होती, ते विसरून मी पुढे निघून गेलो आणि दोन स्टेशनं परत आलो.

घरी येऊन पातेल्यात पाणी तापत ठेवलं. वाफ यायला लागली तशी मी पुडी वर धरली. सुधा स्वयंपाकघरात आली, तिने गॅस बंद केला. त्या दिवशी हजामतीचं काही बोलली नाही. म्हणाली, "आईंना तुम्ही विचारलं नाहीत. आता त्या नाहीत. दादा आहेत ना अजून? मग त्यांना विचारा की."

मी फोन लावला. वहिनीने घेतला. "बोला भावजी, हे शेजारीच आहेत, स्पीकरवर टाकते." मला दादाला एकट्याला सांगायचं होतं, पण थांबलो असतो तर पुन्हा राहिलं असतं.

"दादा, त्या सुपात मासा असतो."



"आईला दिलंस त्यात?" दादाने विचारलं.

"त्यातही."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बिनमाशाचंही केलं होतं, तिने ते खाल्लं नाही. मग तिला न विचारता चार महिने माशाचंच दिलं." मग उरलेलंही बोलून टाकलं. "आणि श्राद्धाला पाठवायचो त्या पुड्यासुद्धा तसल्याच, दादा. वीसच्या वीस."

दादा खोकायला लागला. खोकला थांबल्यावर तो काही बोलणार, तोच वहिनी म्हणाली, "पुड्यांचं मी सांगते."

वहिनीचं माहेर गुहागरकडचं. तीही आपल्यासारखीच, कधी न खाल्लेली, पण शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सुकट वाळत घातलेली असायची. "पहिल्या वर्षी पुडी फोडली आणि वास आला. म्हटलं आपल्याला भास झाला. तेवढ्यात मागच्या दारची मांजर ओट्यावर. हाकलली तर परत. पुडीवर जीव टाकत होती बिचारी. मग ओतली तिच्या बशीत, आणि आईंच्या पानावर आपला हरभऱ्याचा कट ठेवला, वर कोथिंबीर घातली. एकच वाटी, पानातलं घरात कोणी खात नाही, कोणाला कळणार? दरवर्षी तेच केलं."

"वीस वर्षं?" मी म्हणालो.

"वीस वर्षं. आता त्या मांजरीची नातवंडं वाट बघतात तुमच्या पार्सलची."

"आणि मला बोलली नाहीस!" दादाचा आवाज एकदम पहिल्यासारखा मोठा झाला.

"तुम्हाला सांगून भावजींशी भांडण लावू? ते काय समजून पाठवतात, मला काय ठाऊक. मला वाटलं त्यांनाच कळलं नसेल, जपानी कुठे वाचता येतं त्यांना."

"म्हणजे या घरात फसलो तो मी एकटाच."

"तुम्ही आणि कावळा," वहिनी म्हणाली.

दादा हसला की खोकला, ते कळलं नाही, बहुतेक दोन्ही. इकडे सुधाने पदर तोंडाला लावला होता. मी ओट्याला टेकून उभा होतो, आणि वीस वर्षं तो कावळा कटाला शिवत होता हे हळूहळू माझ्या डोक्यात शिरत होतं.

मग दादा थांबला. म्हणाला, "पुड्यांचं जाऊ दे. आईचं मात्र तू चुकलास. तिला विचारायला हवं होतंस."

"हो."

"ती हो म्हणाली असती की नाही, ते तिने ठरवायचं होतं. तू नाही."

"हो, दादा."

एवढंच. तो रागावला, आणि जेवढं रागवायला हवं तेवढाच रागावला. इतकी वर्षं मी स्वतःला कधी सगळं माफ करत होतो, कधी काहीच करत नव्हतो. कोणीतरी माझं माप बरोबर घेतलं याचं मला जे हलकं वाटलं, ते मला आधी कुठल्या देवळात मिळालं नव्हतं.

"आता मला काय देणार आहेस?" दादाने विचारलं.

"तू सांगशील ते."

"हिरवं आण. मला काय कमी आहे ते कळायचं नाही."

पाठवलं नाही, घेऊन गेलो. शाकाहारी मिसो, कोम्बू, वाळवलेले मश्रूम. वहिनीच्या ओट्यावर कोम्बू आणि मश्रूम दोन तास भिजत घातले, पाणी गाळून तापवलं, गॅस बंद करून मिसो विरघळवला. वहिनीने पळीभर हातावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, "माझ्या कटाला जवळ आहे, पण मीठ जास्त." दादाने पहिला घोट घेतला. "गरम पाणी आहे रे हे." दुसरा घेतला. "पण उतरतंय." पहिल्या दिवशी अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी पूर्ण, आठवड्याने त्याने भाकरी मागितली.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला जवळ बसवलं. "आईला खरंच आवडायचं?"

"वाटी तिरकी करून शेवटचा थेंब घ्यायची."

"हं," तो म्हणाला. आईला ते कळलं होतं का, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. ते मला कधी कळणार नाही, आणि ते तसंच माझ्याकडे राहील.

गुडगावहून आणलेली ती तपकिरी पुडीही मी लेबलासकट पिशवीत घातली होती. वहिनीने ती दोन बोटांत धरली, ठिपका बघितला आणि परसात गेली. तिथे जुनी रॉकेलची बत्ती, कुदळ वगैरे ठेवायची फळी आहे. तिच्यावर जागा केली, जुना वातीचा स्टोव्ह पुसला, एक पातेलं आणि एक वाटी वेगळी काढली. "भावजी, हे तुमचं. घरात नाही चालायचं, इथे खुशाल करून प्या. मांजरींना थोडं ठेवा." आणि पितृपंधरवड्यात आईच्या पानावर काय ठेवायचं, हे मी विचारायच्या आधीच म्हणाली, "कट. आता उघडपणे."

पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी मी कराड सोडलं. परत गेलो की पाहुण्यासारखा जेवायचो, ताटात पडेल ते. आता त्या घराच्या परसात माझी एक वाटी आहे, आणि तिच्यात काय असतं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मयूर विहारला परतल्यापासून दादा रोज संध्याकाळी फोन करतो. तब्येत, हवा, हे नंतर. आधी विचारतो, "वसंता, आज काय खाल्लंस?"

मी सांगतो. ठिपक्यासकट.